छायाचित्राने समता आणली काय?

छायाचित्रणाच्या इतिहासावर लिहिणारे विद्वान एक गोष्ट फार आवडीने सांगत असतात. पूर्वी स्वतःची तसबीर काढवून घेणे हे राजेरजवाड्यांचे आणि सरदार-उमरावांचे काम होते. पुढे फ्रान्समध्ये छायाचित्राचा शोध लागला आणि जे सुख केवळ राजाला लाभत होते ते दुकानदाराला, शिंप्याला आणि कारकुनालाही लाभू लागले. सबब छायाचित्र हे समतेचे साधन होय, असे हे म्हणणे आहे. ते ऐकावयास गोड आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे. परंतु अर्धे सत्य हे पुष्कळदा पूर्ण असत्यापेक्षा अधिक फसवे असते. ज्यांना पिढ्यान् पिढ्या 'सर्वांसाठी' या शब्दाचा अर्थ 'तुम्हांला वगळून सर्वांसाठी' असाच अनुभवावा लागला, त्यांनी असली गोड वाक्ये पारखून घेतल्याशिवाय पदरात बांधू नयेत. म्हणून आम्ही येथे उघडपणे प्रश्न विचारीत आहो: छायाचित्राने समता आणली काय? आणली असल्यास कोणासाठी आणली, आणि कोणाला उंबरठ्याबाहेर ठेवून आणली?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे विद्वानांच्या भरसभेत आरागो या शास्त्रज्ञाने लुई दागेर याची कृती जाहीर केली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यावयाचा, तो आरशासारखा लखलखीत घासावयाचा, त्याला आयोडीनची वाफ द्यावयाची, मग अंधाऱ्या पेटीत ठेवून भिंगातून त्यावर प्रकाश पाडावयाचा, आणि शेवटी पाऱ्याच्या वाफेने चित्र उमटवून ते रासायनिक द्रावणात पक्के करावयाचे, अशी ती कृती होती. फ्रेंच सरकारने ती विकत घेतली. दागेरला सालीना ६,००० फ्रँक आणि त्याचा दिवंगत सहकारी नीप्स याच्या मुलाला सालीना ४,००० फ्रँक तहहयात वर्षासन बांधून दिले, आणि हा शोध आम्ही साऱ्या जगाला अर्पण करीत आहो असे मोठ्या औदार्याने सांगितले. परंतु त्या आधी अवघे पाच दिवस, १४ ऑगस्ट रोजी, याच कृतीचे एकस्व इंग्लंडमध्ये दागेरच्या वतीने नोंदवून झाले होते. साऱ्या जगाला दिलेल्या दानातून एक अख्खा देश असा अगोदरच बाजूला काढून ठेवलेला होता. जगातील मोठमोठ्या दानपत्रांची घडी उलगडून पाहावी लागते ती यासाठीच.

दुसरी गोष्ट अशी की, तसबिरीची भूक यंत्राने निर्माण केलेली नाही. ती यंत्राच्या आधीचीच आहे. १७८९ च्या राज्यक्रांतीपूर्वीच फ्रान्समधील व्यापारी, वकील, सावकार आणि सरकारी नोकर यांच्या हाती पैसा आला होता. पैसा होता, पण वाड्याच्या भिंतीवर लावावयास पूर्वजांची तैलचित्रे नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी काळ्या कागदातून चेहऱ्याची बाह्यरेषा कापून देणारे कारागीर पुढे आले, हस्तिदंतावर इवलीशी चित्रे काढणारे आले, आणि १७८६ साली क्रेतियाँ नावाच्या गृहस्थाने बाजूच्या चेहऱ्याची रेषा यंत्राने गिरवून तिच्या छापील प्रती काढण्याची युक्ती शोधली. जिझेल फ्रॉइंड या विदुषीने हा सारा इतिहास १९३६ साली पॅरिसच्या विद्यापीठाला सादर केलेल्या आपल्या प्रबंधात मांडला. ती स्वतः हिटलरच्या राज्यातून १९३३ साली जीव वाचवून पळालेली ज्यू तरुणी होती. तेव्हा समाजात वर चढणे म्हणजे काय आणि खाली ढकलले जाणे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवावयास नको होते. तिच्या प्रतिपादनाचे सार असे की, आपली तसबीर काढवून घेणे ही वर चढणाऱ्या वर्गाची, आपण वर चढलो हे स्वतःला आणि जगाला दाखविण्याची कृती होती. हे सार आम्हांस मान्य आहे. आमचा वाद त्याच्या पुढील पायरीशी आहे. एक वर्ग वर चढला याचा अर्थ समता आली असा होत नाही. शिडीवरील माणसे बदलली एवढाच होतो.

आता किमतीचा हिशेब करू; कारण समतेच्या गोष्टी करणारे लोक हिशेबाच्या वहीपाशी आले की गप्प होतात. मार्च १८४१ मध्ये रिचर्ड बिअर्ड याने लंडन येथे छायाचित्रांची पहिली सार्वजनिक चित्रशाळा उघडली. तेथे लहानात लहान तसबिरीला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग पडत. त्या काळी इंग्लंडमधील शेतमजुराला आठवड्याला नऊ-दहा शिलिंग मजुरी मिळत असे. म्हणजे त्या मजुराने दोन आठवडे अन्नाचा कण न खाता पैसे साठवावेत, तेव्हा त्याला आपल्या तोंडाची एक तसबीर मिळावी! पुढे १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवर चित्र घेण्याची नवी रीत शोधली आणि तिचे एकस्व न घेता ती खरोखरच सर्वांना मोकळी करून दिली. एका काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघू लागल्या आणि साऱ्या जगातील चित्रशाळा त्या रीतीवर श्रीमंत झाल्या. तो आर्चर १८५७ साली दारिद्र्यात मेला. दान खरे असले म्हणजे दात्याचे काय होते, हेही या इतिहासात नमूद आहे.

नंतर पॅरिसचा डिस्डेरी पुढे आला. २७ नोव्हेंबर १८५४ रोजी त्याने एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या युक्तीचे एकस्व घेतले. भेटीस जाताना द्यावयाच्या नावाच्या पत्रिकेएवढ्या पुठ्ठ्यावर ही चित्रे चिकटविली जात. पूर्वी एका मोठ्या तसबिरीला पन्नास ते शंभर फ्रँक पडत. डिस्डेरी वीस फ्रँकांत बारा देऊ लागला. किंमत कोसळली आणि लोकांची झुंबड उडाली. घरोघरी आल्बम आले. १८६० साली इंग्लंडच्या राणीच्या कुटुंबाची छायाचित्रे बाजारात विक्रीस आली आणि कारकुनाच्या आल्बमात राणी जाऊन बसली. हे सर्व खरे आहे. परंतु पॅरिसच्या कामगाराची त्या काळची रोजची मजुरी तीन-चार फ्रँक होती, हेही तितकेच खरे आहे. वीस फ्रँक म्हणजे त्याच्या पाच-सहा दिवसांच्या घामाची किंमत. न्यायाने बोलावयाचे तर, पुढे अमेरिकेत लोखंडी पत्र्यावरील स्वस्त छायाचित्र निघाले आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात साध्या शिपायानेही काही पैशांत आपली तसबीर घरी धाडली, हे आम्ही कबूल करतो. किंमत उतरत उतरत गरिबापर्यंत आली. पण प्रश्न केवळ किमतीचा नाही. समता स्वस्त झाली म्हणजे मिळते, असे ज्यांना वाटते त्यांनी आता चित्रशाळेच्या आत यावे आणि तेथे काय चालले होते ते पाहावे.

आत पडदा होता, नक्षीदार कठडा होता आणि संगमरवरी दिसणारा लाकडी खांब होता. मागे रंगविलेल्या कापडावर बागबगिचा आणि सरोवर होते. मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी टेकू होता. वाणसौद्याचे दुकान चालविणारा गृहस्थ सतरंजीवर उभ्या केलेल्या खांबाला कोपर टेकून, न वाचलेल्या ग्रंथावर बोट ठेवून सरदाराच्या ऐटीत उभा राही. दगडी खांब सतरंजीवर उभा राहतो काय, हा प्रश्न त्याला पडत नसे. हा खांब कोठून आला? तो उमरावाच्या तैलचित्रातून आला. ज्या सरदारवर्गाची सत्ता या मध्यमवर्गाने मोडली, त्याच सरदारवर्गाचा खांब, पडदा आणि ऐट त्याने भाड्याने घेतली. आपल्या दुकानाची, आपल्या तागडीची, आपल्या मेहनतीच्या हातांची तसबीर काढावी असे त्याला वाटले नाही. कारण त्यांची त्याला लाज वाटत होती.

वाचकहो, या समतेचे खरे रूप येथे दिसते. जो वरच्याचा खांब उसना घेतो तो वरच्याचे मापही मान्य करतो. आणि वरच्याचे माप एकदा मान्य केले की, ज्याच्याजवळ खांब नाही तो आपोआप हलका ठरतो. मध्यमवर्गाने पायरी मोडली नाही. तो एक पायरी वर चढला आणि खालच्याकडे पाहावयास मोकळा झाला. श्रेणीबद्ध असमानतेचा हाच नियम आहे, आणि तो पॅरिसलाही सुटला नाही.

खालच्याकडे त्याने कोणत्या डोळ्यांनी पाहिले? यासाठी त्या शतकातील दुसरा आल्बम उघडावा लागतो. एक आल्बम दिवाणखान्यात होता, तर दुसरा पोलिसांच्या कचेरीत. एकच यंत्र, एकच काच, एकच रसायन. परंतु पहिल्या आल्बमात माणूस स्वतः होऊन गेला होता आणि दुसऱ्यात त्याला धरून नेले होते.

१८७१ सालची पॅरिसची हकीकत पाहा. १८ मार्चपासून २८ मेपर्यंत त्या शहरात कामगार आणि कारागीर यांनी आपले राज्य चालविले. १६ मे रोजी त्यांनी नेपोलियनच्या विजयाचा वाँदोम चौकातील स्तंभ पाडला. रस्त्यांवर रचलेल्या मोर्च्यांवर आणि त्या पडलेल्या स्तंभापाशी ते लोक अभिमानाने छायाचित्रासाठी उभे राहिले. उसना खांब नाही, रंगविलेला बगिचा नाही; आपल्या हातची करणी, आपले सोबती आणि आपला चेहरा. गरीब माणूस प्रथमच आपल्या स्वतःच्या पराक्रमापाशी उभा राहून भिंगाकडे पाहत होता. पुढे काय झाले? सरकारी फौजांनी शहर घेतले, हजारो लोक मारले, आणि तीच छायाचित्रे हाती घेऊन पोलीस चेहरे ओळखू लागले. अभिमानाने काढलेली तसबीर पकडवॉरंट झाली. आपेर नावाच्या एका छायाचित्रकाराने तर तुरुंगातील कैद्यांच्या तसबिरी काढल्या, नट उभे करून खोटे देखावे सजविले, त्यांवर चेहरे कापून चिकटविले आणि 'कम्यूनचे गुन्हे' म्हणून ती बनावट चित्रे विकली. छायाचित्र कधी खोटे बोलत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. छायाचित्र ज्याच्या हाती असते त्याच्या बाजूने ते बोलते.

पुढे बर्तियों या अधिकाऱ्याने पॅरिसच्या पोलिसखात्यात १८८० नंतरच्या दशकात हे काम पद्धतशीर केले. एक तसबीर समोरून, एक बाजूने, आणि सोबत शरीराची मोजमापे. गुन्हेगारांपासून सुरुवात झाली. पण अशा गोष्टी गुन्हेगारांपाशी थांबत नसतात. १६ जुलै १९१२ च्या फ्रेंच कायद्याने भटक्या लोकांना, गुन्हा केलेला असो वा नसो, तसबिरी, ठसे आणि मोजमापे असलेली वही जन्मभर जवळ बाळगावयास लावली. गावोगाव ती दाखवावी, तिच्यावर शिक्का घ्यावा आणि पुढे जावे. १९४० साली याच लोकांना एका जागी डांबण्याचा हुकूम निघाला. काहींची छावण्यांतून सुटका १९४६ पर्यंत झाली नाही. हा वहीचा कायदा १९६९ साली रद्द झाला. आपल्या वाचकांना येथे हिंदुस्थानातील १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवल्यावाचून राहणार नाही. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविणारा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी ज्या देशाने सरकारी इमारतींवर कोरली, त्या देशातही जन्मावरून माणसाची नोंदवही उघडली गेली, आणि त्या वहीत चिकटविलेले चित्र त्याच शोधाचे फळ होते जो म्हणे समता घेऊन आला.

अमेरिकेत याहून भयंकर प्रकार घडला. हार्वर्ड विद्यापीठातील अगासिझ या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाचे मत असे होते की, सर्व मानव एका वंशाचे नाहीत. काळे आणि गोरे वेगवेगळे निर्माण झाले. आपल्या मताला पुरावा पाहिजे म्हणून त्याने १८५० साली दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया या गावी झीली नावाच्या छायाचित्रकाराकडून सात गुलाम स्त्री-पुरुषांच्या चांदीच्या पत्र्यावरील तसबिरी काढविल्या. त्यांत रेंटी नावाचा पुरुष होता आणि डेलिया ही त्याची मुलगी होती. त्यांची वस्त्रे उतरविण्यात आली. ज्या झीलीच्या चित्रशाळेत गावातील गोरी कुटुंबे उंची कपडे लेवून बसत, तिचेच कसब बापलेकीची विटंबना विज्ञानाच्या नावाने नोंदविण्यास राबले. या तसबिरी पुढे विसरल्या गेल्या आणि १९७६ साली विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या माळ्यावर सापडल्या. २०१९ साली आपण रेंटीच्या वंशातील आहो असे सांगणाऱ्या एका स्त्रीने त्या परत मिळाव्यात म्हणून दावा लावला. २०२१ साली खालच्या न्यायालयाने तो फेटाळला. तसबिरीतील व्यक्तीला केवळ ती तिची तसबीर आहे म्हणून तिच्यावर मालकी मिळत नाही, असा कायदा पुढे आला. २०२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकीचा मुद्दा मान्य केला नाही. मात्र तिला झालेल्या मनस्तापाबद्दल दाद मागण्याची वाट मोकळी ठेवली. अखेर मे २०२५ मध्ये तडजोड झाली आणि विद्यापीठाने त्या तसबिरी सोडून देण्याचे कबूल केले. त्यांचे स्थान दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथील आफ्रिकी अमेरिकनांच्या इतिहासाचे संग्रहालय हे ठरले. रेंटीला माणूस म्हणून आपल्या राज्यात परत जावयास एकशे पंचाहत्तर वर्षे लागली!

आमच्या मुंबईचे काय? मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे नामवंत एतद्देशीय तिच्यात होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे देशी छायाचित्रकार याच शहरात नावारूपास आले. शेठ-सावकार, संस्थानिक आणि विद्वान आपापल्या नावानिशी तसबिरी काढवून घेऊ लागले. त्याच शहरातील विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या जातीजमातींचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत चित्रशाळेत घेतलेली माणसे कापून मुंबईच्या देखाव्यांवर चिकटविली होती. नंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारच्या आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे प्रचंड काम बाहेर पडले. यांतील चित्रांखाली बहुधा माणसाचे नाव नाही. जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. शेठजींच्या तसबिरीखाली शेठजींचे नाव आणि मोलमजुराच्या तसबिरीखाली त्याची जात! दोघांच्याही चेहऱ्यावर एकाच सूर्याचा प्रकाश पडला होता. भेद सूर्याने केला नाही, भिंगाने केला नाही. खाली नाव लिहिणाऱ्या हाताने केला.

यावर कोणी म्हणेल की, मग यात यंत्राचा काय दोष? आम्हीही तेच म्हणतो. यंत्राचा दोष नाही, म्हणून यंत्राला श्रेयही नाही. समता यंत्रातून निघत नाही. ज्याला विषमता पाहिजे तो यंत्रातून विषमताच काढतो, आणि ज्याला समता पाहिजे त्याला यंत्र हाती घेऊन तिच्यासाठी झगडावे लागते. असे झगडलेल्यांची हकीकतही सांगितली पाहिजे. नाहीतर आमचा हा लेख नुसते रडगाणे होईल.

फ्रेडरिक डग्लस गुलामीत जन्मला आणि १८३८ साली पळून स्वतंत्र झाला. गोऱ्या चित्रकारांना काळ्या माणसाचे खरे चित्र काढताच येत नाही, कारण काळा माणूस कसा दिसला पाहिजे हे त्यांच्या मनात आधीच ठरलेले असते, अशी त्याची १८४९ सालची तक्रार होती. म्हणून त्याने भिंगाचा आश्रय घेतला. १८९५ साली तो वारला तोवर त्याच्या सुमारे एकशे साठ निरनिराळ्या तसबिरी निघाल्या होत्या. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत सर्वांत अधिक वेळा ज्याचे छायाचित्र निघाले असा पुरुष तोच, असे संशोधकांनी दाखविले आहे. नीटनेटका पोशाख, गंभीर मुद्रा, सरळ रोखलेली नजर. त्यांत हसरा चेहरा क्वचितच सापडतो. कारण गुलाम आपल्या गुलामीत सुखी असतो, असे हसऱ्या काळ्या चेहऱ्यांची चित्रे छापून मालकवर्ग सांगत होता, आणि त्या खोट्याला डग्लसला आपला चेहरा उसना द्यावयाचा नव्हता. १८६१ साली बॉस्टन येथे त्याने चित्रे आणि प्रगती या विषयावर व्याख्यान दिले. दागेरचा त्याने गौरव केला, हे आम्ही लपवीत नाही. पण दागेरने दिले म्हणून डग्लस स्वस्थ बसला नाही. कसे बसावयाचे आणि कसे पाहावयाचे हे त्याने स्वतः ठरविले.

सोजर्नर ट्रूथ या बाईची गोष्ट तर प्रत्येक मातेने ऐकावी. तीही गुलामीत जन्मली. तिला लिहितावाचता येत नव्हते. तथापि १८६४ साली तिने आपल्या तसबिरीचा हक्क कायद्याप्रमाणे स्वतःच्या नावाने नोंदविला. डोक्याला टोपी, खांद्यावर शाल, हातात विणकाम, अशी ती त्या तसबिरीत बसलेली आहे. ती तसबीर विकून ती आपला चरितार्थ आणि आपल्या लोकांचे काम चालवीत असे, आणि ही सावली आपण देहाच्या पोषणासाठी विकतो अशा अर्थाचे वाक्य तिने तिच्याखाली छापविले होते. एके काळी जिचा देहच बाजारात विकला गेला, ती आपल्या देहाची सावली स्वतःच्या भावाने आणि स्वतःच्या नावाने विकू लागली. रेंटीच्या तसबिरीत आणि तिच्या तसबिरीत फरक कोणता? दोन्ही अमेरिकेतल्या, दोन्ही गुलामीत जन्मलेल्या माणसांच्या. फरक मालकीचा आहे. तसबीर स्वस्त की महाग हा खरा प्रश्न नसून तिच्यावर हक्क कोणाचा आणि तिच्याखाली नाव कोणाचे, हा खरा प्रश्न आहे.

१९०० साली पॅरिसमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात डुबॉइस या काळ्या विद्वानाने जॉर्जिया राज्यातील आपल्या लोकांची ३६३ छायाचित्रे आल्बमांत लावून ठेवली. त्यांतील कित्येक तसबिरी अटलांटा येथील टॉमस ॲस्क्यू या काळ्या छायाचित्रकाराने काढलेल्या आहेत. शिकलेल्या मुली, दुकानदार, नीटनेटकी घरे, वाद्ये घेऊन बसलेली कुटुंबे. ज्या पॅरिसमध्ये बर्तियोंने समोरून आणि बाजूने चेहरे टिपण्याची रीत घालून दिली, त्याच पॅरिसमध्ये तशीच समोरून आणि बाजूने घेतलेली अब्रूदार माणसांची चित्रे मांडून डुबॉइसने त्या रीतीला उत्तर दिले. त्याला या कामाबद्दल सुवर्णपदकही मिळाले. परंतु मित्राचा दोषही सांगितला पाहिजे. त्या आल्बमांत बहुतेक माणसांची नावे लिहिलेली नाहीत. सन्मान दिसतो, चेहरा दिसतो, पण हा माणूस कोण हे त्या पानावरून कळत नाही. आपल्या माणसांनी आपल्या माणसांचा गौरव करतानाही नाव लिहावयाचे राहिले!

आता आमच्या घरी येऊ. आमच्यातील काही शहाणे विचारतात की, ज्यांच्या घरात धड भांडी नाहीत त्यांनी तसबिरींवर खर्च का करावा? ही चैन नव्हे काय? त्यांना आमचे उत्तर असे की, चेहरा नोंदविणे ही चैन असती तर पोलिसांनी आणि राज्यकर्त्यांनी गरिबांच्या चेहऱ्यांवर एवढा पैसा कधीच खर्च केला नसता. ज्याचा चेहरा त्याच्या स्वतःच्या घरी नाही, त्याचा चेहरा परक्याच्या दप्तरात असतो. दुसरे शहाणे म्हणतात की, बाबासाहेबांची सुटाबुटातील तसबीर म्हणजे साहेबाची नक्कलच नव्हे काय? या आक्षेपातील डंख आम्ही ओळखतो. पॅरिसच्या दुकानदाराचा खांब उसना होता. त्याने न वाचलेल्या ग्रंथावर बोट ठेवले होते. बाबासाहेबांच्या हातातील ग्रंथ वाचलेला होता, कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या रात्रीचा दिवस करून मिळविलेल्या होत्या. ज्या समाजाने काय नेसावे आणि काय नेसू नये हे दुसऱ्यांनी ठरविले, त्या समाजातील माणसाने आपला पोशाख आपण ठरविणे ही नक्कल नव्हे. तो हक्काचा उच्चार आहे. उसना खांब आणि कमावलेला ग्रंथ यांतील भेद ज्याला दिसत नाही, त्याचे डोळे तपासले पाहिजेत.

परंतु हीच कसोटी आम्ही आता स्वतःला लावणार आहो की नाही? नोकरी लागली, घर झाले, दिवाणखाना झाला, म्हणजे तेथे कोणती तसबीर लागते? मुलाच्या पदवीदानाची लागते, लग्नातील भरजरी पोशाखाची लागते. ती अवश्य लागावी. पण ज्या आजीने खडी फोडली, ज्या आजोबांनी गिरणीत रात्रपाळ्या केल्या, त्यांचा जीर्ण फोटो 'बरा दिसत नाही' म्हणून पेटीच्या तळाशी जातो. पाहुणे आले की जुने लुगडे नेसलेली आई चौकटीच्या बाहेर उभी राहते, आणि 'तुम्ही काढा, मी कशाला?' असे म्हणते. तिला तसे म्हणावयास आम्हीच शिकविले. हाच तो पॅरिसचा खांब! आपल्या मेहनतीची लाज वाटू लागली की वर चढलेला माणूस वरच्याचे माप घेऊन स्वतःच्याच आईला मोजू लागतो. जो अन्याय इतरांनी आमच्यावर केला तोच आम्ही स्वतःच्या घरात करावा, यासाठी आम्ही वर चढलो काय?

आणि नावाचे काय? आज घरोघरी फोन आहेत आणि एकेका फोनात हजारो छायाचित्रे आहेत. इतके चेहरे कोणत्याही पिढीने नोंदविले नसतील. परंतु त्यांतील आजीचे नाव, तिच्या माहेरचे गाव, फोटोचे साल हे कोठे लिहून ठेवले आहे? फोन बिघडला म्हणजे सारे गेले. आणि राहिले तरी नातवाच्या हाती नाव नसलेला चेहराच पडणार. 'द पीपल ऑफ इंडिया'च्या संपादकांनी आमच्यासारख्यांची नावे लिहिली नाहीत म्हणून आम्ही त्यांना दोष देतो. आमच्या हातात लेखणी असताना आम्ही स्वतः ती लिहिली नाहीत, तर आम्हांला कोणी दोष द्यावयाचा?

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबाला आग्रहाची विनंती आहे. या पंधरवड्यात घरातील जुने फोटो पेटीतून बाहेर काढा. वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि एकेका चेहऱ्याचे नाव विचारा. नाव, गाव, साल आणि त्या माणसाने केलेले काम फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. ज्याचे नाव सांगणारे आज एकच माणूस उरले आहे त्याचे नाव आधी लिहा. फोनातील निवडक छायाचित्रे कागदावर उतरवून घ्या. आणि पुढच्या वेळी कुटुंबाचा फोटो काढाल तेव्हा आईला चौकटीच्या मध्यभागी बसवा, तिच्या रोजच्या लुगड्यात, तिचे कष्टाचे हात मांडीवर दिसतील असे. ती लाजली तर तिला सोजर्नर ट्रूथची गोष्ट सांगा.

छायाचित्राने समता आणलेली नाही. ती आणण्याचे काम आमच्याकडेच राहिलेले आहे. त्याची सुरुवात दुसऱ्याने आपल्याला काय म्हणावे येथून होत नाही; आपण आपल्या माणसाच्या चेहऱ्याखाली काय लिहितो येथून होते. तेथे जात लिहू नका, नुसते नाते लिहू नका. माणसाचे नाव लिहा.